झुंबरकाकांची घोषणा

प्रतिभाच्या सिनेमात एका निवडणुकीची गोष्ट आहे. देसले सर नावाचे शाळामास्तर अपक्ष उभे राहतात, पडतात, पुन्हा उभे राहतात, पुन्हा पडतात आणि शेवटी ज्या बिल्डरविरुद्ध लढत आले, त्याच्याच व्यासपीठावर जाऊन बसतात. त्यांचा एक कार्यकर्ता असतो, पहिल्या निवडणुकीपासून रिक्षाला भोंगा लावून त्यांच्या घोषणा देणारा. सर पलीकडे जाऊन बसतात त्या सभेत हा कार्यकर्ता गर्दीत असतो आणि तिथेही त्यांच्या नावाची घोषणा देतो. प्रतिभाच्या मते सगळा सिनेमा या एका घोषणेसाठी होता.

“प्रचारावरचे सिनेमे मी भरपूर पाहिलेत,” ती मला म्हणाली होती. “कार्यकर्ता शेवटी विकला तरी जातो, नाहीतर मरतो. माझा कार्यकर्ता नुसती घोषणा देतो. आतलं सगळं संपलेलं असतं, सवय तेवढी उरलेली असते.”

मला ते पटलं होतं. मी या सिनेमाची ध्वनिमुद्रक. पटकथेत काय लिहिलंय यापेक्षा ते कानाला कसं लागेल, याचा विचार मी जास्त करते.

कार्यकर्त्याचं काम झुंबरकाकांना मिळालं ते योगायोगानेच. भोंगा लावायला आम्ही त्यांची रिक्षा भाड्याने घेतली होती. भोंगा नीट वाजतो का बघावं म्हणून त्यांनी माइक हातात घेतला आणि “बंधू आणि भगिनींनो” एवढंच म्हणाले. गंगापूर रोडवर समोरच्या इमारतीतल्या दोन बायका गॅलरीत आल्या. प्रतिभाने त्याच संध्याकाळी ठरवलेल्या नटाला नकार कळवला.

काका उंच, केसांना मेंदी लावणारे आणि चहा गार मिळाला की चिडणारे होते. कौतुक त्यांना आवडायचं आणि ते लपवायचे नाहीत. “आख्ख्या कॉलनीला सांगून ठेवलंय, थिएटरात माझं तोंड दिसणार हाय म्हणून,” असं ते रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचे. त्यांनी आयुष्यभर एकाच माणसाचा प्रचार केला होता, भिमाताई गांगुर्डे यांचा. ताई शाळेची नोकरी सोडून तीनदा विधानसभेला उभ्या राहिल्या आणि तीनदा पडल्या. मग त्यांनी मोठ्या पक्षात प्रवेश केला. त्यानंतर काकांनी भोंगा उतरवला आणि रिक्षातून शाळेची मुलं सोडायला लागले. प्रतिभाने कॉलेजात असताना त्या प्रवेशाची बातमी वाचली होती. तिची गोष्ट तिथूनच निघाली होती. हे तिने काकांना सांगितलं नव्हतं आणि काकांनीही ताईंच्या प्रवेशाचा विषय कधी काढला नव्हता.

पहिले दोन सीन काकांनी सुंदर केले. तिसरा, सभेचा सीन काकांना कळला तो शूटिंगच्या सकाळी, कारण प्रतिभा काम करणाऱ्यांना आधी सांगत नसे. मैदानावर मांडव होता, खुर्च्या होत्या. गर्दीसाठी काकांनीच कॉलनीतल्या बायका आणल्या होत्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गर्दी म्हणजे नुसती माणसं नव्हेत, घोषणा उचलणारी माणसं. शिवाय त्यांनी भिमाताईंनाही शूटिंग बघायला बोलावलं होतं. ताई देवळाली कॅम्पहून बसने आल्या आणि लिंबाखाली खुर्ची घेऊन बसल्या. पांढरी सुती साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

प्रतिभाने सीन समजावला. काकांनी मान हलवली. “करतो,” म्हणाले.

तालीम ठीक झाली. मग पहिला टेक. व्यासपीठावर देसले सर झालेला जीवन बिल्डरशेजारच्या खुर्चीत बसला. काकांनी हात वर केला.

“येऊन येऊन येणार कोण?”

आणि पुढच्या रांगेतून एका सुरात उत्तर आलं, “भिमाताईशिवाय हायेच कोण!”

सगळं युनिट हसलं. बायकाही तोंडाला पदर लावून हसल्या. जीवन व्यासपीठावरून ओरडला, “अहो मावशी, मी पण उभा आहे हो इथे!”

दुसऱ्या टेकलाही तेच झालं. तिसऱ्याला प्रतिभाने बायकांकडून आधी देसले सरांचं नाव घोकून घेतलं. काकांचा आवाज आला आणि पुन्हा भिमाताईच निघाल्या. आता कुणी हसलं नाही. माझी नजर लिंबाकडे गेली. ताई मान खाली घालून पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या.

“गोजरामावशी, काय चाललंय?” प्रतिभाने विचारलं.

“आम्ही काय करावं बाई?” पुढच्या रांगेतल्या गोजराबाई म्हणाल्या. “ह्याचा आवाज आला की तोंडातून तेच निघतं. धुणं धूत असलो तरी तेच निघायचं. तू बोलणारा बदल, मग बघ.”

ऊन उतरत चाललं होतं. प्रतिभा काकांकडे गेली. तिचा आवाज चढला नाही, पण तिला दुसरा मार्गही दिसत नव्हता. “काका, पुढच्या टेकला जमलं नाही तर घोषणा गर्दीत उभ्या असलेल्या आपल्या नवनाथला द्यावी लागेल. मग कार्यकर्ता तोच होईल. तुमचे आधीचे दोन सीनही त्याच्यावर पुन्हा घ्यावे लागतील.”

“बरं,” काका म्हणाले.

माइकची वायर सारखी करायच्या निमित्ताने मी त्यांच्याजवळ गेले. हेडफोनमध्ये माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. तालमीत काका शेवटचा ‘कोण’ सपाट ठेवत होते. टेकमध्ये तो वर चढत जाई आणि वर जाऊन किंचित थांबे. बायकांचा आवाज नेमका त्या थांब्यात शिरत होता.

“काका,” मी हळू आवाजात म्हटलं, “शेवटचा ‘कोण’ तुम्ही वर नेता, म्हणून त्यांच्या तोंडून ताईंचं नाव निघतं. तो खाली ठेवा. मग नाही निघणार.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मला म्हाईत हाय, पोरी.”

“मग?”

“ते वर नेणं ताईंसाठीच केलेलं. दुसऱ्या कुणासाठी तोंडातून निघंल, पण सपाट निघंल. सपाट घोषणेला कोण उठतं? तुमच्या सिनेमाला तशी चालायची नाय.”

“एकदा करून तर बघा. नाहीतर काम जाईल तुमचं.”

“ते पण म्हाईत हाय.” मग ते हसले. “कॉलनीत तोंड दाखवायला जागा राहायची नाय. लय बढाया मारल्यात.”

एवढ्यात ताई खुर्चीतून उठून आमच्याकडे आल्या. त्या हळू चालत होत्या, पण मास्तरीणबाई वर्गात शिरावी तशी माणसं आपोआप बाजूला होत होती.

“झुंबर, माझ्यासाठी अडून बसू नकोस. सिनेमा आहे हा. दे घोषणा आणि मोकळा हो.”

“तुमच्यासाठी अडलोय, असं का वाटतं ताई तुम्हाला?”

“मग कुणासाठी?”

काकांनी व्यासपीठाकडे हात केला. “हा मास्तर पलीकडं जाऊन बसला. ह्याच्या माणसानं घोषणा दिली म्हंजे तोही गेलाच की पलीकडं. मग अलीकडं राहिलं कोण?”

ताई प्रतिभाकडे वळल्या.

“तू हे माझ्यावरून लिहिलंस ना?”

प्रतिभाचा चेहरा उतरला. “हो, ताई.”

“रागावले नाही. चुकलंय तेवढं सांगते. मी व्यासपीठावर जाऊन बसले त्या दिवशी हा समोरच उभा होता, या बायकांच्या मध्ये. मला वाटलं, हा आता घोषणा देईल आणि सगळं रोजच्यासारखं होईल. मी वाट बघत होते. याने दिली नाही.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“बसून राहिले. शाल घेतली. दुसरं काय करणार?”

मला वाटलं, प्रतिभा आता माफी मागेल किंवा आपल्या पटकथेची बाजू घेईल. तिने यातलं काही केलं नाही. ती काकांसमोर जाऊन उभी राहिली आणि रस्ता विचारावा इतक्या साधेपणाने तिने विचारलं, “त्या दिवशी नेमकं काय केलंत काका?”

“काय करायचंय? हात वर गेला. सवय असती ना. तोंड पण उघडलं. मग बघितलं, कुणासाठी उघडलंय, आन् हात खाली घेतला. मागं बाया थांबल्या होत्या उचलायला. त्यांना काय कळंना.”

“म्हंजे काय, मी तर आ करून उभी होते!” गोजराबाई म्हणाल्या. “घशात माशी जायची बाकी राहिली होती.”

प्रतिभाने पटकथेची पानं घडी करून मागच्या खिशात घातली. ज्या एका घोषणेसाठी तिने दोन वर्षं घालवली होती, ती तिने तिथेच सोडून दिली. हे किती जणांना जमेल, मला माहीत नाही. “जीवन,” ती म्हणाली, “तू खुर्चीत बस आणि घोषणेची वाट बघ. बाकी काही करू नकोस. मावशी, तुम्ही नेहमीसारख्या उभ्या राहा. काका, त्या दिवसासारखं.”

“आन् नवनाथ?”

“नवनाथ गर्दीत आहे. हे काम तुमचंच आहे.”

मी हेडफोन लावले. प्रत्येक जागेची शांतता आम्हाला वेगळी मुद्रित करून ठेवावी लागते, कारण कुठल्याच दोन जागांची शांतता सारखी नसते. मैदानाची मी सकाळीच घेतली होती. पण टेक सुरू झाल्यावर जी ऐकू आली ती सकाळची नव्हती. जीवन खुर्चीत बसला. काकांचा हात वर गेला, सदऱ्याची बाही घासली. पुढच्या रांगेत बांगड्या हलल्या आणि थांबल्या. छातीवरच्या माइकमध्ये काकांनी श्वास आत घेतला, घोषणेआधी घेत तसाच, पोट भरून. मग तो बाहेर आला नाही. गोजराबाई तोंड उघडं ठेवून उभ्या होत्या. जीवनने एकदा गर्दीकडे बघितलं, आणि त्याचा तो अवघडलेला चेहरा मला वाटतं अभिनयाचा नव्हता. हात खाली आला. खूप वेळाने श्वास नाकातून सावकाश सुटला.

“कट,” प्रतिभा म्हणाली, तेही हळूच. “साऊंड?”

“आहे,” मी म्हटलं.

कुणीतरी काकांना चहा आणून दिला. तो गरम होता. ते पुढच्या रांगेतल्या बायकांना सांगायला लागले की थिएटरात आपण आता तिन्ही सीनमध्ये दिसणार.

ताई माझ्या टेबलाशी आल्या. “मला ऐकवता येईल?”

मी हेडफोन त्यांच्या कानांवर बसवले आणि टेक लावला. श्वास आत गेला तिथे त्यांनी टेबलाची कड धरली. टेक संपला तरी त्यांनी हेडफोन काढले नाहीत.

“पुन्हा लाव,” त्या म्हणाल्या.

काकांचं इकडे लक्ष गेलं. चहाचा कप घेऊन ते जवळ आले आणि हेडफोन लावलेल्या ताईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने मला म्हणाले, “मी तर काय बोललोच नाय. मग ताई काय ऐकायल्यात?”

मी बोटाने त्यांना गप्प राहायला सांगितलं. ताईंनी डोळे मिटले होते.