माझ्या चोचीखालची दोन बोटे

जुना आहे, लाकडाचा आहे आणि बगळा आहे. तिन्ही गोष्टी मी लपवत नाही, मित्रांनो. बगळा म्हटले की तुमच्या मनात पहिला शब्द येतो तो ‘ढोंगी’. एका पायावर उभा, डोळे मिटलेले आणि सगळे लक्ष मासोळीवर. मी मात्र एकवीस वर्षे दोन्ही डोळे उघडे ठेवून उभा आहे आणि आजवर एकही मासा गिळलेला नाही. माझे काम मोजण्याचे आहे.

एका मोठ्या तळ्याकाठी एक मनोरंजन उद्यान आहे. तिथे पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, छोटी आगगाडी आहे आणि पाहुण्यांना चार दिवस राहता यावे म्हणून गॅलरीच्या खोल्यांची एक तीनमजली इमारत आहे. या सगळ्याच्या वर एक लोखंडी वाट आभाळात चढत जाते, टोकाशी क्षणभर श्वास धरते आणि तळ्याच्या दिशेने स्वतःला सोडून देते. तिचे नाव ‘झेप’. झेपेच्या फाटकाशी मी उभा असतो. माझी चोच आडवी, सरळ, जमिनीला समांतर. मुलाने चपला काढून तिच्याखाली उभे राहायचे. डोके चोचीला टेकले तर फाटक उघडते. केस आणि चोच यांच्यामध्ये हवा उरली, तर पुढच्या वर्षी या. माझ्या छातीवर आकडा रंगवला आहे : ४८ इंच.

मला घडवणारा सुतार फार कमी बोलायचा. एका मोडीत निघालेल्या शाळेच्या दारातून त्याने माझी मान काढली, म्हणून असेल, मुलांचा गलबला मला कधी परका वाटला नाही. पंखांवर त्याने फारशी मेहनत घेतली नाही. चोच मात्र तीनदा बसवली आणि तीनदा उतरवली. चौथ्यांदा पाणसळीतला बुडबुडा अगदी मध्यावर थांबला, तेव्हा तो मदतनिसाला म्हणाला, “दिसायला कसाही चालेल, पण हा खोटं बोलता कामा नये. खांद्यावरचा पट्टा ज्याला नीट बसत नाही ते पोर वर गेलं, तर खाली आपल्याला तोंड दाखवायला जागा नाही.” ते वाक्य माझ्या लाकडात खिळ्यासारखे रुतले आहे.

मुलांनी काय काय केले नाही! बुटातून नाही जमले म्हणून मोज्यांत कागद कोंबले, डोक्यावर उंच अंबाडे बांधले, टाचा उचलून श्वास रोखला. एका बड्या पाहुण्याने तर थेट मॅनेजरशी ओळख सांगितली. मी ढळलो नाही. माझ्या शेजारी गळ्यात शिटी अडकवून फाटकवाली ताई उभी असते; बारा वर्षांत तीही ढळली नाही. रडव्या पोराच्या पाठीवर हात ठेवून ती एकच वाक्य म्हणते, “मी नाही म्हणत नाही रे राजा, बगळा म्हणतो.” तिने हे म्हटले की माझी छाती, आकड्यासकट, फुगते.

आता त्या कुटुंबाविषयी सांगतो. पाच माणसे : आई, बाबा, दादा, धाकटी मुलगी आणि आईचे वडील म्हणजे मुलांचे आजोबा. धाकटीला सगळे मिरी म्हणतात. मिऱ्याच्या दाण्याएवढी आणि तितकीच तिखट. दर वर्षी सुट्टीत चार दिवस ही मंडळी इथे उतरतात. त्यांचा एक पक्का नियम आहे. प्रत्येकाने आपली एक आवडती गोष्ट निवडायची आणि ती पाचही जणांनी मिळून करायची. नाक मुरडायचे नाही. पाच जण किंवा कुणीच नाही.

माझ्या जागेवरून सारे दिसते. आईची आवड म्हणजे संथ पाण्याची वळणावळणाची नदी. हवा भरलेल्या चकतीवर ती उताणी पडते आणि कुणी हाक मारली तरी ओ देत नाही. वर्षभर ती सगळ्यांना ओ देत असते. बाबांना छोटी आगगाडी लागते. पहिल्या बाकावर बसून ते अनोळखी माणसांना असे हात हलवतात, जणू सगळे त्यांनाच निरोप द्यायला जमले आहेत. दादाला एकमेकांवर आदळणाऱ्या गाड्या. आणि आजोबांना दुपारची मिरवणूक, सोंगे घेतलेल्या ससे-अस्वलांची. आजोबा शिंपी आहेत. नाच कोण पाहतो! “त्या अस्वलाच्या काखेत शिलाई उसवलीय बघ,” ते मिरीच्या कानात सांगतात. एकदा तर त्यांनी मिरवणूक थांबवून सशाच्या शेपटीला चार टाके घातले होते, आणि ससा आतून “थँक्यू काका” म्हणाला होता.

मिरीची आवड एकच, झेप. तीन वर्षे ती माझ्या चोचीखाली येऊन उभी राहिली. पहिल्या वर्षी चार बोटे कमी, मग अडीच, मग एक. तिला दुसरे काही निवड म्हटले तर ती मान उडवायची. “माझी पाळी राखून ठेवा!” नियमाप्रमाणे मग कुणीच चढायचे नाही. दादा कुरकुरायचा, “हिच्यापायी माझी दाढी पिकेल इथे.” आजोबा मात्र माझ्या मानेवर हात ठेवून म्हणायचे, “थांबू की. माझीही पहिली झेप हिच्याबरोबरच.”

पण फाटकावर आणखी एक पाटी आहे, मित्रांनो. पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या पाहुण्यांनी झेपेत बसू नये. लहानांना मी अडवतो, थोरांना ती. मधल्या काही महिन्यांच्या चिंचोळ्या उजेडात आजोबा आणि नात एकदाच एकत्र उभे राहू शकत होते. आणि आजोबांना आता पासष्ट पूर्ण व्हायला एकच महिना उरला होता.

यंदा हंगामापूर्वी उद्यानाची डागडुजी झाली. फाटकासमोर नवी फरशी आली. मला उपटून नवा रंग दिला आणि पाय पाण्याने कुजू नये म्हणून माझ्यापुरता सिमेंटचा एक थर घालून त्यावर पुन्हा रोवले. थर दोन बोटे उंच; वरून फरशीच्याच रंगाचा हात फिरवलेला. त्या दिवसापासून तळे मला किंचित अधिक दिसू लागले. पैलतीरावरची झाडे आधी अर्धी दिसत, ती आता पायथ्यापर्यंत दिसली. मला वाटले, एकवीस वर्षांच्या नोकरीत अखेर बढती मिळाली. मी मान आणखी ताठ केली.

हंगाम सुरू झाला आणि मुले मोठ्या संख्येने परत फिरू लागली. ताई एकदा पाणी पिता पिता म्हणाली, “यंदा पोरं बुटकीच आलीत सगळी.” मला ते पटले. स्वतःवर ज्याचा फार विश्वास असतो, त्याला जगच चुकल्यासारखे वाटायला वेळ लागत नाही.

तेविसाव्या दिवशी मिरी आली. मुक्कामाचा शेवटचा दिवस. तिची पाळी मुद्दाम शेवटी ठेवलेली. चपला काढून, पाठ माझ्या पायाला टेकवून ती उभी राहिली. मी स्पर्शाची वाट पाहिली. स्पर्श झाला नाही. चोचीखाली दीड बोट हवा होती.

ताईने वाकून पाहिले. ती मिरीला ओळखत होती. तिने मिरीच्या खांद्यावर हात ठेवला. “नाही गं, राणी.”

“परत बघा,” मिरी म्हणाली.

ताईने परत पाहिले. मिरीने तिसऱ्यांदा पाहायला लावले.

“अगं, गेल्या वर्षी एक बोट कमी होतीस, यंदा दीड!” दादा म्हणाला. “वाढतेस की आटतेस?”

कुणी हसले नाही. दादालाही आपले बोलणे नको त्या जागी लागल्याचे कळले, आणि तो उगाच बुटाची नाडी बांधू लागला. मिरी रडली नाही. तिने फक्त आजोबांकडे पाहिले आणि मग त्या दुसऱ्या पाटीकडे.

बाबा पुढे झाले. “ताई, इंचभराने काय बिघडतंय?”

“साहेब, जे बिघडायचं ते इंचभरानेच बिघडतं. मी नाही म्हणत नाही, बगळा म्हणतो.”

खरे सांगतो, तेव्हाही माझी छाती फुगली.

आजोबांनी शर्टाच्या कॉलरखाली हात घातला आणि गळ्यातली टेप ओढून काढली. सुट्टीतही ती त्यांच्या गळ्यात असते. “हिच्या वाढदिवसाला दुकानात माप घेतलंय मी. साडेअठ्ठेचाळीस.”

“आजोबा, टेप तुमची, नियम आमचा.”

“बरोबर आहे. नियमाला मी हात लावत नाही.”

“अप्पा, जाऊ द्या ना,” आई हळूच म्हणाली. “मागे रांग खोळंबलीय.”

“गिऱ्हाईक कोट घेऊन येतं, म्हणतं तंग झाला,” आजोबा शांतपणे म्हणाले. “कोट आटला की माणूस सुटलं, हे दोघांना मापल्याशिवाय मी बोलत नाही. पोरीला मापलंय. आता याला मापू.”

एकवीस वर्षांत मला कुणी मापले नव्हते, मित्रांनो. आजोबा गुडघ्यावर बसले. गुडघा कटकन वाजला. टेपचे टोक मिरीने माझ्या चोचीशी धरले आणि टेप खाली फरशीपर्यंत गेली.

“साडेएकोणपन्नास,” आजोबा म्हणाले.

रांगेतली माणसे माना उंचावून पाहू लागली. माझ्या लाकडातून शाळेच्या दाराची जुनी करकर सरकत गेली. हा म्हातारा खोटे बोलतो आहे, असे मला वाटले, वाटावेसे वाटले. मग आजोबांनी टेप पुन्हा धरली, पण या वेळी चोचीपासून माझ्या पावलापर्यंत.

“अठ्ठेचाळीस. बरोब्बर.” त्यांनी पावलाखालच्या सिमेंटवरून बोट फिरवले, कापडातली लपलेली शिवण चाचपावी तसे. “ताई, तुमचा बगळा खरा आहे. तो उभा आहे ती जागा खोटी आहे.”

ताईचा चेहरा पडला. पण तिने लगेच फाटक उघडले नाही, आणि त्याबद्दल मला आजही तिचा अभिमान आहे. तिने वॉकीटॉकीवरून इंजिनिअरला बोलावले. त्याने लोखंडी टेपने मला मापले, मिरीला मापले, रिकाम्या डब्यात तिला बसवून खांद्यावरचा पट्टा दोनदा ओढून पाहिला. “साडेअठ्ठेचाळीस,” तो म्हणाला. “पट्टा नीट बसतोय.”

ताईने शिटी बाजूला सारली. “चल गं मिरे. आता बगळ्याला विचारत नाही. आता मी म्हणते.” मग तिची नजर आजोबांवर आली. “आणि आजोबा, तुमचं वय?”

“चौसष्ट. पुढच्या महिन्यात विचारलंत तर पंचाईत होईल.”

पहिल्या डब्यात ती दोघे बसली, मागे आई, बाबा आणि दादा. गाडी चढू लागली तशी पाच डोकी लहान लहान होत गेली. टोकाशी तिने श्वास धरला. तिथे, इतक्या उंचीवर, कोण मोठे आणि कोण लहान, हे माझ्या चोचीलाही सांगता आले नसते. मग आभाळाने त्यांना सोडले, आणि तळ्यावर एक किंकाळी उमटली, जी निम्मी मिरीची होती आणि निम्मी, मी शपथेवर सांगतो, आजोबांची.

परत आल्यावर मिरीचे केस उभे होते. “आजोबांनी डोळे मिटले होते!” ती ओरडली.

“मिटले नव्हते, ध्यान करत होतो,” आजोबा म्हणाले आणि माझ्याकडे पाहून डोळा मारला. बगळ्याची चेष्टा त्यांनीही सोडली नाही.

दादाने मिरीच्या चपला आणून तिच्या पायांशी ठेवल्या.

त्याच दिवशी मला उतरवले, तो थर फोडला आणि पुन्हा जमिनीवर रोवले. पैलतीरावरची झाडे परत अर्धी झाली. दुपारभर ध्वनिक्षेपकावरून पुकारा झाला. मुक्कामी असलेली सात मुले धावत आली आणि सातही चोचीला टेकली. पण तेवीस दिवसांत परतवून लावलेली बाकीची डोकी मला विसरता येत नाहीत. दोन जुळे भाऊ होते. एकाचे केस चोचीला लागले, दुसऱ्याचे केसभर कमी पडले. एक वर गेला, दुसरा माझ्या पायाशी बसून राहिला. तो पुन्हा आला की नाही, मला ठाऊक नाही. तुमच्यापैकी कुणी तो असेल, तर ऐक : तू लहान नव्हतास. मी चुकीच्या जागी उंच झालो होतो.

जाताना आजोबांनी ती टेप ताईसाठी फाटकावरच्या खिळ्याला अडकवून ठेवली. आता रोज सकाळी फाटक उघडण्यापूर्वी ताई आधी मला मापते, चोचीपासून फरशीपर्यंत. मला त्यात कमीपणा वाटत नाही. उलट, त्यानंतर दिवसभर मी निःशंक उभा असतो. मित्रांनो, मोजणाऱ्यांचीही निगा राखावी लागते. माझा रंग जपा, माझा पाय जपा. पण त्याहून अधिक, मी कशावर उभा आहे ते अधूनमधून वाकून पाहत जा. आणि कुणी तुम्हाला लहान ठरवले, तर रडण्याआधी एकदा म्हणा : परत बघा.

पुढच्या वर्षी ते पाचही जण आले. चौघे झेपेच्या रांगेत गेले; आजोबा पाटी वाचून आपणहून थांबले. चौघांचे चष्मे, टोप्या आणि मिरीचे आईस्क्रीम सांभाळत ते माझ्या शेजारी, सपाट फरशीवर, येऊन उभे राहिले.

“पाच जण किंवा कुणीच नाही!” मिरी वरच्या पायरीवरून ओरडली. “तुम्ही तिथे, आम्ही इथे, पण पाच धरायचे!”

“धर गं बाई, धर,” आजोबा म्हणाले. मग त्यांनी माझ्या चोचीवर हात टेकवला, आणि आम्ही दोघांनी मिळून, डोळे उघडे ठेवून, तिला वर जाताना पाहिले.