चौथीची अक्कल

मानवजातीच्या बौद्धिक इतिहासात इस्रायलच्या वाळवंटातल्या डिमोना गावाचं नाव कोरलं जाणार होतं. शिक्षणखात्याच्या यिगालने तसं जाहीर केलं तेव्हा तो शाळेच्या बॉम्बशेल्टरमध्ये गुडघ्यांवर बसून प्लग शोधत होता.

तेल अवीवहून त्याने काही कॉम्प्युटर आणले होते. त्यांच्यात म्हणे कृत्रिम बुद्धी होती. ती चौथीच्या पोरांना विचार करायला शिकवणार होती. आजवर हे काम वर्गशिक्षिका पनीनाकडे होतं आणि त्यातून काही निष्पन्न झालं नाही, असं त्याचं मत. पनीना भायखळ्याच्या शाळेत शिकवून आलेली. तिथे पोरांचे आजोबासुद्धा तिला टीचर म्हणायचे. हा पंचविशीतला गडी सरळ 'पनीना' म्हणायचा. हिब्रूत अहो-जाहो नाही, त्यामुळे अपमान करायला वेगळे कष्ट पडत नाहीत.

यंत्राचा कायदा सोपा. उत्तर बरोबर आलं की पुढचं गणित अवघड, चुकलं की सोपं. लागोपाठ दहा बरोबर आली की पडद्यावर कासव नाचायचं आणि पोराला सुट्टी.

महिन्याने निकाल आला. एक रुबी सोडली तर सगळा वर्ग पहिलीच्या लायकीचा. यिगालने कोकणातून इस्रायलला आलेल्या ज्यू घरांविषयी दोन सहानुभूतीचे शब्द काढले आणि वर्गाला मंद ठरवायची शिफारस केली. तो शिक्का बसला की पोरं थेट गिरणीत जातात, हे पनीनाने त्यांच्या थोरल्या भावंडांच्या बाबतीत पाहिलं होतं.

तिने वर्गातल्या निलीला गाठलं. विचारलं मराठीत, उत्तर आलं हिब्रूत. आधी मुद्दाम चुकत जायचं, दोन अधिक एकपर्यंत उतरायचं, दहा गणितं उडवायची आणि मैदान गाठायचं. खरी उत्तरं देणारा घंटा होईपर्यंत अडकतो.

"आणि रुबी?"

"तिचा पाय प्लास्टरमध्ये आहे."

पनीना तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. यिगाल तिथेच कॉफी पीत होता.

"पोरं तुझं यंत्र कोळून प्यायलीयत," ती म्हणाली. "मंद कोण, ते तूच ठरव."

"ही लबाडी झाली. विचार नव्हे."

"मग तू बस त्याच्यासमोर. बघू, बाहेर कधी येतोस ते."

यिगालला बस गाठायची होती. मुख्याध्यापकांनी दोघांचं शांतपणे ऐकलं. यिगालचं म्हणणं छापील होतं, पनीनाचं तोंडी.

सप्टेंबरात नवं शालेय वर्ष सुरू झालं आणि रुबी सोडून अख्खा वर्ग मंदांत गेला. मंद मुलांना यंत्राचे तास दुप्पट असतात.