हुप्प्याचा विषाणू

मंचरच्या दलीचंद शेठची मुलगी चेतना पुण्याच्या प्रयोगशाळेत वानरांच्या विष्ठेतले विषाणू शोधायची. तिची आई सज्जनबाई पाहुण्यांना "लॅबमध्ये असते" एवढंच सांगून विषय बदलायची. उन्हाळाभर चेतना जुन्नर-आंबेगावातल्या बांधांवरून हातमोजे घालून एकटीच हिंडली होती.

एका दुपारी संगणकावर एका नमुन्याचा जनुकीय क्रम उलगडला. जगभरातल्या नोंदींशी तो ताडून पाहिला, पण कुठल्याच विषाणूशी तो नीट जुळेना. तिनं पुन्हा तपासलं. नवाच होता! लॅबच्या साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, "छान. पण एकाच नमुन्यावर काही बोलू नका."

मग तिनं आईला फोन लावला.

"माणसाला होतो का गं तो?"

"तसं काही दिसलेलं नाही."

"मग बरंय. जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती राजुरीला निघाली. तो नमुना तिथल्या प्रयागबाईच्या मळ्यातल्या चिंचेखालचा होता. टोळीनं हाकललेला एक म्हातारा हुप्प्या तिथं राहायचा. प्रयागबाईचा नवरा वारला होता, मुलगा गोरख चाकणला कंपनीत. ही बातमी ऐकून खूश होईल असं माणूस चेतनाला दुसरं सुचलंच नाही.

प्रयागबाई ओट्यावर बसली होती. चिंचेखाली नवी माती ओढलेली, वर गुलाल.

"गेला गं बाई," ती म्हणाली. "इजेच्या तारंला चिकटला. अख्खा गाव आला व्हता मातीला. भजन केलं, नारळ फोडलं. आमचे मालक गेले तवा बी येवढी मान्सं नव्हती."

चेतना तिच्या शेजारी बसली. हळूच म्हणाली, "मावशी, त्याच्या पोटात एक विषाणू सापडला. आजवर कुणालाच ठाऊक नव्हता."

"त्यानंच मेला का?"

"नाही, नाही. त्याचा त्याला त्रास होता असं वाटत नाही. नुसता राहत असावा पोटात."

प्रयागबाईनं पदरानं डोळे पुसले. "मंग एकला नव्हता म्हना."

चेतनाला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही. किती दिवसांत तिच्या कामाबद्दल कुणी इतकं ऐकून घेतलं नव्हतं.

"जेवून जा. तुमच्यात कांदा चालत न्हाई ना?"

वडिलांची कांद्याची आडत, पण घर जैन, चुलीवर कांदा कधी चढला नव्हता. पुण्याच्या खोलीत मात्र ती केव्हाची खात होती. "चालतो मला," ती म्हणाली. आजवर हे ती कुणाला बोलली नव्हती.

जेवताना प्रयागबाई हुप्प्याबद्दल बोलत राहिली. कणसं कशी सोलायचा, पाऊस आला की गोठ्यात कसा शिरायचा. चेतना ऐकत राहिली.

"त्याची टोळी कुठं गेली, मावशी?"

"ओझरच्या अंगाला, नदीकडं. त्यान्ला काय त्याचं!"

विषाणू खरा ठरायचा तर तो टोळीतही सापडायला हवा होता. चेतना उठली. "पुन्हा येईन," म्हणाली. प्रयागबाई बांधापर्यंत आली.

ओझरला नदीकाठच्या झाडांवर टोळी सापडली. आया पिल्लांना पोटाशी धरून फांद्यांवर बसल्या होत्या, एकमेकींच्या अंगातल्या उवा वेचत. चेतनानं हातमोजे चढवले आणि खाली पालापाचोळ्यात एकटीच वाट पाहत बसली.