चोरून वाचलेलं

जूनमध्ये अपूर्वा नववीत गेली. शाळेचा अभ्यास ग्रुपवर यायला लागला, म्हणून तिला स्वतःचा फोन मिळाला. तो हातात देण्याआधी तिच्या बाबांनी, अनुपमनं, त्यात गुपचूप एक अ‍ॅप बसवलं. अपूर्वाच्या फोनवर आलेला-गेलेला प्रत्येक मेसेज तिच्या आईच्या, क्षमाच्या, फोनवर दिसायचा. अनुपम रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता आणि आठवड्यातले पाच दिवस कटनीला असायचा. "मी इथं नसतो, तुझं लक्ष असू दे," एवढंच तो म्हणाला. लेकीला सांगायचं नाही, हे दोघांत न बोलताच ठरलं.

क्षमा शहराच्या राइट टाउन भागातल्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. सुरुवातीला तिला हे पटलं नव्हतं. मग मधल्या सुट्टीत डबा खाता खाता नजर टाकायची सवय लागली, आणि ती कधी अंगवळणी पडली ते कळलं नाही. पोरींचे विनोद वाचून ती एकटीच हसायची. वर्गातला वेदांग अपूर्वाला आवडतो, हेही तिला समजलं. एकदा अपूर्वानं मैत्रिणीला लिहिलं की आईच्या हातची फणसाची भाजी घशाखाली उतरत नाही. क्षमानं ती भाजी करणंच सोडलं. पोरीनं नंतर विचारलं, "कटहल बंद काहून झाला गं?" तेव्हा बाजारात चांगला मिळत नाही, असं तिनं ठोकून दिलं. आपण किती सहज खोटं बोललो, हे तिला टोचलं खरं, पण जराच.

सप्टेंबरात तिमाही परीक्षेचे पेपर तपासायला आले आणि दहा-बारा दिवस तिला कुठं पाहायला फुरसत झाली नाही. शेवटचा गठ्ठा मंगळवारी दुपारी बांधून तिनं फोन उघडला, तेव्हा पहिलाच मेसेज प्रणालीचा होता.

"उसने फिर भेजा. बोल रहा है शनिवार को तिलवारा नहीं आई तो फोटो पापा को भेज देगा."

खाली अपूर्वाचं उत्तर. "रो मत. मैं भी चलूंगी तेरे साथ. किसी को मत बताना."

क्षमानं मागचं सगळं वाचून काढलं. प्रणाली अपूर्वाच्या वर्गातली, कांचघर भागात राहणारी. ती छान नाचायची आणि नाचाचे छोटे व्हिडिओ टाकायची. नाव-चेहरा नसलेल्या एका खात्यावरून कोणीतरी तिचं कौतुक करायला लागलं, हळूहळू गोड गोड बोलायला लागलं. पोरीनं लांब राहायचं ठरवलं, तेव्हा त्यानं तिचा चेहरा वापरून एक खोटा, घाणेरडा फोटो तयार केला आणि तिलाच पाठवला. आता तो तिला शनिवारी चार वाजता नर्मदेच्या तिलवारा घाटावर एकटीला बोलवत होता. आणि चौदा वर्षांच्या दोन पोरी बॅगेत तिखटाची पुडी घेऊन तिथं जायचं ठरवत होत्या.

तिनं कटनीला फोन लावला. अनुपमनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू अपूर्वाला काही बोलू नको. शनिवारी काहीतरी निमित्त काढ, घराबाहेर सोडू नको. आपण वाचून राहिलो हे कळलं, तर ती दुसरा रस्ता शोधेल. मग आपल्याला काहीच कळणार नाही."

"अन् प्रणाली?"

"तिच्या घरी कुणाकडून तरी निरोप पोचवू."

"तोवर ती एकटी निघून गेली तर? नाही, अनुपम. मी आज अपूर्वाला सांगणार आहे. सगळं."

"ती आपलं तोंड पाहणार नाही."

"नको पाहू दे," क्षमा म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी अपूर्वा ट्यूशनहून आली, हातपाय धुऊन पोह्यांची बशी घेऊन बसली. क्षमा समोर बसली. तिनं शब्द जुळवले नाहीत, कारण जुळवायला लागली असती तर अर्धं गाळलं असतं.

"तुझ्या फोनमध्ये एक अ‍ॅप आहे. आम्ही बसवलं. तुझे मेसेज मला दिसतात. प्रणालीचं मी आज वाचलं."

अपूर्वाचा चमचा बशीतच राहिला. मग तिनं हळूच विचारलं, "कधीपासून?"

"जूनपासून."

"सगळे?"

"सगळे."

"वेदांगचे पण?"

"हो."

पोरीचा चेहरा आधी लाल झाला, मग अगदी उतरला. ती उठली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं, असं क्षमाला वाटून गेलं. घटकाभर ती तशीच बसली, मग दारापाशी जाऊन उभी राहिली.

"अपू, माझ्यावर चिडायला सारा जन्म पडलाय. शनिवार चार दिवसांवर आहे. आधी प्रणालीचं पाहू, मग मला काय बोलायचं ते बोल. मी ऐकून घेईन."

क्षमा हलली नाही. पाय दुखायला लागले तशी ती तिथंच जमिनीवर बसली. बऱ्याच वेळानं दार उघडलं.

"तिचे पप्पा तिला शाळेतून काढून टाकतील," अपूर्वा म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "म्हणून सांगितलं नाही कोणाला."

"मी काढू देणार नाही."

"तू कशी थांबवशील?"

"ते मलाही नाही माहीत. पण उद्या आपण तिच्या घरी जाऊ. तू आधी तिला विचार. तिच्या पाठीमागे काही करायचं नाही."

अपूर्वानं प्रणालीला फोन लावला. पलीकडून रडण्याचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. पण शेवटी प्रणाली हो म्हणाली.

बुधवारी संध्याकाळी दोघी स्कूटरवरून कांचघरला गेल्या. प्रणालीचे वडील नीलकंठ संरक्षण खात्याच्या कारखान्यातून नुकतेच आले होते. तिची आई दीपा चहा घेऊन आली आणि क्षमानं अ‍ॅपपासून सगळं सांगायला सुरुवात केल्यावर कप हातात धरून तशीच उभी राहिली.

नीलकंठांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग प्रणालीकडे न पाहता हात पुढे केला. "फोन आण. त्यातलं सगळं मिटवतो. नाच बंद, फोन बंद. शाळेचंही पाहू."

"काका, मिटवू नका," अपूर्वा एकदम म्हणाली. "वही तो सबूत है."

"तू मध्ये बोलू नको."

"बोलू द्या तिला, नीलकंठजी," क्षमा म्हणाली. "फोटो खोटा आहे. खोटा करणारा मोकळा फिरून राहिला, अन् कोंडायचं पोरीला? पोलिसांत जायचं."

"आमची अब्रू तुम्हाला काय? चार लोकांत नाव झालं तर उद्या कोण विचारेल हिला?" त्यांचा आवाज चढला. "अन् तुम्ही स्वतः पोरीचा फोन चोरून वाचता. तुम्ही मला शिकवणार?"

अपूर्वा आपल्याकडे पाहते आहे, हे क्षमाला मान न वळवता कळत होतं.

"वाचला," ती म्हणाली. "तीन महिने चोरून वाचला. ती माझी चूक, अन् काल मी तिला ते तोंडावर सांगितलं. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. तरी आज माझ्यासोबत इथं आली, कारण तिला तुमच्या पोरीची काळजी आहे. तुम्हाला मला बोलायचं असेल तर बोला. पण मी उद्या सकाळी दहाला सायबर शाखेत जाणार. प्रणाली आली तर तिच्यासोबत. नाही आली, तर जे मी वाचलं ते माझ्या नावानं लिहून देणार."

दीपानं कप खाली ठेवला. "मी येते," ती म्हणाली. "प्रणाली, तू येशील?"

प्रणालीनं मान हलवली.

नीलकंठ उठून बाहेर गेले. पण सकाळी दहाला दीपा आणि प्रणाली रिक्षातून उतरल्या, तेव्हा तेही उतरले. फाटकापाशी त्यांचे पाय अडखळले. "अजून वेळ आहे," ते म्हणाले, "परत जाऊ." दीपा पोरीचा हात धरून आत चालू लागली, तसे तेही मागून आले.

उपनिरीक्षक अवंतिका मॅडम तरुण होत्या. त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि आधी प्रणालीला पाणी दिलं. "बेटा, तुमने कुछ गलत नहीं किया. ये बात पहले समझ लो," त्या म्हणाल्या. मग तास-दीड तास जबाब चालला. प्रणालीनं आईनं आणि अपूर्वानं दोन्ही बाजूंना बसावं असा हट्ट धरला, म्हणून क्षमा बाहेर बाकावर नीलकंठांशेजारी बसली. एकदा त्यांनी तिच्यासाठी पाण्याची बाटली आणली.

शनिवारी पोरींना तिलवाऱ्याला न्यायला अवंतिका मॅडमनी साफ नकार दिला. "येते आहे" एवढंच त्यांनी प्रणालीच्या फोनवरून लिहिलं आणि साध्या कपड्यातली माणसं घाटावर पाठवली. दोन्ही पोरी, दोन्ही आया आणि नीलकंठ कांचघरच्या घरात बसून राहिले. कोणाला काही खाववेना. पावणेपाचला फोन वाजला. माणूस सापडला होता. पोरींच्या शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाचं चित्रीकरण करायला आलेला, तिशीच्या आतबाहेरचा. त्याच्या मोबाईलमध्ये आणखी चार मुलींचे तसेच फोटो निघाले. ते ऐकल्यावर नीलकंठ भिंतीला टेकून खाली बसले. मग पोरीला जवळ बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवला. शाळेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

रविवारी अनुपम घरी आला. जेवताना म्हणाला, "पाहिलंस, अ‍ॅप होतं म्हणून निभावलं. ठेवू अजून वर्षभर."

"होतं म्हणून कळलं, ते खरं," क्षमा म्हणाली. "पण पोरगी दोन आठवडे घुसमटत होती अन् मला सांगू शकली नाही. ते अ‍ॅपनं नाही सुधारायचं." तिनं अपूर्वाला हाक मारली. "फोन आण. हे कसं काढायचं ते बाबा दाखवतील, तू तुझ्या हातानं काढ."

अनुपमनं एकदा बायकोकडे, एकदा लेकीकडे पाहिलं आणि मुकाट्यानं दाखवलं.

अ‍ॅप गेल्यावर अपूर्वा म्हणाली, "मी लॉक बदलणार. नंबर नाही सांगणार."

"नको सांगू. पण कोणी भीती घातली तर त्याच दिवशी सांगायचं. मी ओरडणार नाही, हे माझं वचन."

"मला नाही माहीत भरवसा कधी बसेल ते."

"बसेल तेव्हा बसेल."

अपूर्वा पुढचा आठवडाभर कामापुरतंच बोलली. क्षमानं तगादा लावला नाही, लाडीगोडीही केली नाही. मग एके सकाळी बुटाची लेस बांधता बांधता, वर न पाहता पोरीनं विचारलं, "प्रणालीला गुरुवारी कोर्टात जबाब द्यायचा आहे. ती म्हणते तू पण ये. येशील?"

"येईन. अन् तारखा पडत राहिल्या, तर दर वेळी येईन."

"चलो, मग मी तिला सांगते," अपूर्वा म्हणाली आणि दप्तर उचलून जिना उतरली. क्षमानं प्राचार्यांना फोन लावला आणि गुरुवारची रजा मागून घेतली.