चोरीचा मान

गेल्या शिमग्याला देवीची पालखी हरिश्चंद्राच्या अंगणासमोरून नाचत नाचत सरळ पुढे गेली आणि दादूच्या अंगणात टेकली. वाडीत पालखी पहिल्यांदा ज्याच्या दारी येते तो मानकरी, आणि हा मान हरिश्चंद्राच्या घराण्याचा, एवढं त्याला लहानपणापासून ऐकून ठाऊक होतं. हातात नारळ घेऊन तो गेटाशी उभा होता, तो उभाच राहिला. त्याच संध्याकाळी त्याने जाहीर केलं की आता घराण्याचा सगळा इतिहास खणून काढणार आणि वर्षाच्या आत पालखी पहिली ह्याच अंगणात आणणार.

"इतिहास खणताय तर जाता जाता नळाचा पाइपही खणा," बायको सुगंधा म्हणाली. "गळतोय कधीचा."

हरिश्चंद्र माणूस देवभोळा, सरळ आणि नको इतका सभ्य. बापाने त्याला लहानपणीच मुंबईला मामाकडे शिकायला धाडलं. पुढे टेलिफोन खात्यात चौकशीच्या खिडकीशी बसून त्याने सगळी नोकरी काढली, आणि 'कृपया' म्हटल्याशिवाय त्याच्या तोंडून पुढचा शब्द फुटेनासा झाला. मे महिन्यात आंबे खायला तो गावी यायचा, पण शिमगा म्हणजे परीक्षेचे दिवस, आणि परीक्षा संपल्या तेव्हा रजा संपलेल्या. पावसच्या अलीकडच्या त्या वाडीतला शिमगा त्याने पाहिला तो थेट निवृत्तीनंतर. त्या पहिल्याच वर्षी त्याचं नवंकोरं लाकडी फाटक भर दुपारी कोणीतरी उचलून नेलं. त्याने चिऱ्याचं कुंपण उंच केलं, लोखंडी गेट बसवलं, वर कॅमेरा लावला. त्याच्या पुढच्या वर्षी पालखी दादूकडे गेली. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

मग वर्षभर संशोधन चाललं. हरिश्चंद्राने वाडीतली एक पडवी सोडली नाही. प्रत्येक घरी चहा झाला, साखर वाढली, डॉक्टर ओरडला. म्हातारेकोतारे स्वतःच्या घराण्याबद्दल भरभरून बोलत, आणि दुसऱ्याच्या घराण्याबद्दल त्याहून भरभरून. ह्याच्या घराण्याचा विषय निघाला की मात्र सगळ्यांकडून एकच माहिती मिळे: चोरी झाली. आजोबांचं फाटक चोरीला गेलं. पणजोबांचा नांगर गेला. खापरपणजोबांची तर खाट गेली, आणि ते तिच्यावर झोपलेले असताना गेली. सांगणारे सांगताना गालातल्या गालात हसत. हरिश्चंद्राला वाटे, दुसऱ्याच्या नुकसानीवर हसायची गावाला खोडच असते.

विचार करकरून त्याने निष्कर्ष काढला. "अगं, चोर काय भिकाऱ्याच्या घरी जातो?" तो सुगंधाला म्हणाला. "आपले पूर्वज गर्भश्रीमंत होते!"

"श्रीमंत माणसाची खाट चोरतात होय?" सुगंधाने विचारलं. ह्या प्रश्नाकडे संशोधकाने दुर्लक्ष केलं.

त्याने वाडीतल्या शिवा नावाच्या पोराच्या आवारातल्या पडलेल्या फणसाची फळी विकत घेतली, सुताराकडून तासून घेतली आणि तीवर सोनेरी अक्षरांत वंशावळ कोरवली. सगळ्यांत वर खापरपणजोबा, खाली उतरत उतरत स्वतः हरिश्चंद्र, आणि कडेला आंब्याच्या डहाळीची नक्षी. फळी पडवीत लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवल्याशिवाय पाणी मिळेना.

शिमग्याला चार दिवस राहिले तेव्हा तुळसाआत्या राहायला आली. ही त्याच्या बापाची धाकटी बहीण. तिने फळी पाहिली, हरिश्चंद्राचं श्रीमंतीचं व्याख्यान ऐकलं, आणि ती हसायला लागली. पदर तोंडात कोंबून झाला, डोळे पुसून झाले, तरी हसू आवरेना.

"आरं हऱ्या, त्यो मानच हाय आपला! चोरी करून घ्यायचा!"

"म्हणजे?"

"होळीच्या होमाला पयलं लाकूड चोरीचं लागतं. त्ये आपल्याच घरातनं न्ह्यायचं. दुपारी घरच्यानं त्वांडावर चादर घिऊन झोपायचं. पोरं येतात, गावंल त्ये उचलतात. त्यांनी कुंपान वलांडलं की उठायचं आन गाळी द्यायच्या. अशा द्यायच्या का सगळी वाडी आयकंल. गाळीत दम आसंल तर आंब्याचा म्होर टिकतो. ज्याची चोरी, त्याच्या दारात पालखी पयली. तू मेल्या कुंपान वाडवलंस, वर क्यामेरा लावलास. गावाला वाटलं, मुंबैकराला मान नको. म्हनून पोरं गेली दादूकडं."

घराण्याचा मान कोणी घालवला हे शोधण्यात हरिश्चंद्राने वर्ष घालवलं होतं, आणि तो माणूस त्याच्याच घरात, त्याच्याच बनियनमध्ये निघाला.

गेट उघडं टाकायला वेळ लागला नाही. कॅमेरा उतरला. चोरांच्या सोयीसाठी गोठ्याचं जुनं दार अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं. अडचण होती ती शिव्यांची. ह्या माणसाने जन्मात कुणाला 'अरे' म्हटलं नव्हतं. तो न्हाणीघरात दार लावून सराव करू लागला. "गाढवा!" असा आवाज येई, आणि पाठोपाठ हळूच "क्षमस्व".

"ही शिवी आहे की सरकारी सूचना?" सुगंधा बाहेरून विचारी.

होमाच्या दिवशी दुपारी तो जेवून पडवीत आडवा झाला आणि त्याने तोंडावर चादर ओढली. पलीकडच्या बांधावर सगळी वाडी जमली होती. दादू सगळ्यांत पुढे, पहिल्या रांगेतलं तिकीट काढल्यासारखा. पोरं आली. दादूचा मुलगा संदेश होता, शिवा होता, बाकीचे चौघे-पाच होते. पावलं गोठ्याच्या दाराशी थांबली, आणि तिथून पुढे सरकली. मग डोक्याशीच खिळे उपटल्याचा कर्रर्र आवाज झाला.

हरिश्चंद्राने चादरीचं टोक उचलून पाहिलं. वंशावळ निघाली होती!

आता उठलं तर मान गेला, नाही उठलं तर वर्ष गेलं. त्याने चादर दातांत धरली. पोरं अंगणातून गेली, गेटातून गेली, कुंपणापलीकडे पोचली. हरिश्चंद्र ताडकन उठला, पडवीच्या कडेला धावला, आणि त्याने तोंड उघडलं.

"कृपया..."

बांधावर खसखस पिकली. दादू पोट धरून हसू लागला. आणि शिवाच्या डोक्यावर ती फळी, खापरपणजोबा खाली आणि पाय वर, डुलत डुलत होमाकडे निघालेली. हरिश्चंद्राच्या पोटातून काहीतरी वर आलं, आणि ते मुंबईचं नव्हतं.

"आरं शिव्या, मेल्या, मुडद्या! तुजा पणजा सोताच्या लग्नातनं पळून फणसावर चढला, नवरीच्या आयशीनं काठीनं खाली पाडलान त्याला! त्याच फणसाची फळी ती, आन तीच न्हेतंस? आरं संदेश, वळून बगतंस काय! तुजा आजा नाटकात राजा झाला, आन उसनी मिशी लावून वर्सभर गावात फिरला! आन दादू, तू दात काडू नको! तुजा पणजा वाघ आला म्हणून माडावर चढून बसला, सकाळी कळलं, वाघ न्हवता, घोंगडी घेतल्याली बायकू व्हती!"

वर्षभराचं संशोधन होतं ते. पडव्यापडव्यांतून प्यालेल्या प्रत्येक कप चहाचा हिशेब तो चुकता करत सुटला. घराण्यामागून घराणी निघाली, कुणाची आजी सुटली नाही, कुणाचा चुलता सुटला नाही. आधी म्हाताऱ्या हसू लागल्या, मग बांधच्या बांध लोळायला लागला. ज्यांच्या घराण्याची पाळी यायची राहिली होती ते "आमचं सांगा, आमचं सांगा" म्हणून ओरडू लागले. गुरव गळ्यातला ढोल वाजवायचं विसरला. होम पेटला, सोनेरी अक्षरं त्यात गेली, तरी हरिश्चंद्राचा दम संपला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पालखी वाजतगाजत आली आणि पहिली त्याच्याच अंगणात टेकली. गुरवाने गाऱ्हाणं घालायला पूर्वजांची नावं विचारली. भिंतीवर आता चार खिळ्यांची भोकं तेवढी होती, पण हरिश्चंद्राने खापरपणजोबांपासून सगळी नावं घडाघडा सांगितली. बापाचं नाव त्याने दोनदा घेतलं.

तुळसाआत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिचे डोळे भरले होते. "काल थेट माजा भाव बोलला रं," ती म्हणाली. "तोच आवाज. मी आतनं आयकलं, मला वाटलं, दादा आला."

बापाला शिमग्यात एकदाही न पाहिलेल्या हरिश्चंद्राला रडूच कोसळलं. नारळ हातात धरून तो हमसून हमसून रडला, आणि त्याला त्याची जराही लाज वाटली नाही.

पालखी उचलताना संदेश त्याच्या कानाशी वाकला. "काका, पुढच्या वर्साला फळी जरा जाड करा. लवकर जळली."

"चल हट, मेल्या!" हरिश्चंद्र म्हणाला, आणि क्षमा मागायला साफ विसरला.