गाळलेला शब्द

उस्मानपुऱ्याच्या त्या छोट्या इंग्रजी शाळेत चौथीच्या पोरांना शंभर शब्दांची एक पुस्तिका पाठ करावी लागे. डावीकडे शब्द, उजवीकडे पोरांना झेपेल अशी एका ओळीची इंग्रजी व्याख्या. बेकर म्हणजे पाव भाजणारा, ऑर्फन म्हणजे आईबाप नसलेलं मूल. पाव आणि पोरकेपण एकाच मापात बसवणारा तो लेखक कोण होता, देव जाणे.

सत्तावन्नावा शब्द होता विडो. नवरा वारलेली बाई. वर्गशिक्षिका मोनाली मॅडमनी यंदा तो शिकवलाच नाही, कारण तिसऱ्या बाकावरच्या श्रेयाचे वडील दिवाळीत गेले होते. गंगापूर रस्त्यावर त्यांची जीप उलटली. चाळीस पोरांनी तो शब्द एका सुरात घोकायचा आणि श्रेयानं त्यात आवाज मिळवायचा, याची नुसती कल्पनाही मोनालीला सोसेना. छप्पन्न झाला की ती सरळ अठ्ठावन्नावर जाई. कुणी विचारलंच, तर "तो परीक्षेला नाही" असं ठोकून देई.

तोंडी परीक्षा मात्र मुख्याध्यापक आप्पासाहेब घेत. आदल्या दिवशी मोनालीनं त्यांना गाठून तेवढा एक शब्द सोडायची विनंती केली.

"मॅडम, कोंबडं झाकल्यानं तांबडं फुटायचं राहतं व्हय?" ते म्हणाले. कुणासाठी सोडायचा, हे विचारलंसुद्धा नाही. माणूस वाईट नव्हता, पण एकदा म्हण सापडली की पुढं विचार करायची त्यांना गरज वाटत नसे.

दुसऱ्या दिवशी श्रेया उभी राहिली. तीन शब्द नीट गेले. आप्पासाहेबांनी पान उलटलं आणि विचारलं, "विडो?"



"अ वुमन हूज हजबंड इज डेड." श्रेयानं एका दमात, न अडखळता सांगितलं. आप्पासाहेबांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

मधल्या सुट्टीत मोनालीनं तिला व्हरांड्यात बोलावलं. "हा शब्द मी घेतलाच नव्हता गं. कुणी शिकवला?"

"मम्मीनं पाठ करून घेतला."

"मम्मीला इंग्रजी येतं?"

"नाय. मी शब्द म्हणते अन् तिला मराठीत सांगते. ह्यो एक मी सोडला, तर आकडा बघून म्हणली, का सोडला? मग सांगितलं." श्रेया खाली बघत बोलत होती. "तर म्हणली, पुस्तक मीट अन् म्हण. मला रडू यायचं, सारखं चुकायचं. मग ऐकून ऐकून तीच आधी म्हणायला लागली. मी तिच्यामागून."

मोनालीला स्वतःची लाज वाटली. चाळीस पोरांच्या गोंगाटात तो शब्द कुठल्या कुठं वाहून गेला असता. तिनं दया म्हणून गाळला आणि तो मायलेकींच्या एकट्या घरात जाऊन बसला. तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता तिलाबी पाठ झालंय, मॅडम," श्रेया म्हणाली.