गोंगाटाच्या खालचं

"मावशी, तुमची खुर्ची फाटकाजवळ ठेवलीय! उद्यापासून तिथंच बसायचं!" साहेब माझ्या तोंडासमोर येऊन ओरडले.

"ओरडू नका. कान गेलेत, मी नाही."

साहेब नवे, वयाने माझ्या मुलाएवढे. हातात माझ्या कानांचा रिपोर्ट. बत्तीस वर्षं मी या पंपघरात मेकॅनिक आहे. आणि आता म्हणे फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"ते नंतर बघू. आधी तीन नंबरचा पंप बंद करा. बेअरिंग जातंय."

"पॅनलवर सगळे दिवे हिरवे आहेत, मावशी. तुम्हाला धड ऐकू येत नाही, आणि आवाज तुम्ही मला सांगणार?"

मी लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक पंपावर टेकवलं, कानांऐवजी हाडांतून ऐकू यावं म्हणून त्याची मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. साहेबांना वाटलं असेल, बाईचं डोकंही गेलं.

गोंगाटात काय ऐकायचं, हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नाही. मी सोळा वर्षांची असताना दादाने ब्लॅक मेटलची, म्हणजे किंचाळत्या परदेशी रॉक गाण्यांची, एक कॅसेट आणली. त्यातलं आठ मिनिटांचं एकच गाणं आम्ही झिजवलं. त्याचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "कुणाचा गळा दाबतोयस रे?" मलाही तो नुसता गोंगाटच वाटला होता.

"गोंगाट ऐकू नकोस, वेडे," दादा म्हणाला. "त्याच्या खालचं ऐक."

तिसऱ्या दिवशी मला ते सापडलं. त्या किंचाळण्याच्या खाली एक जाड, संथ सूर होता. वर एवढा आकांत, पण हा आपला जराही न घाबरता चाललेला. पुढे मी इथं लागले तेव्हा सगळे फिदीफिदी हसले होते, बाईमाणूस पंप उघडणार म्हणून. मी तो सूर मनात धरला आणि पंप उघडला. नवरा सोडून गेला तेव्हाही तोच धरला. लोकांना देव आठवतो, मला ते गाणं आठवायचं, त्याला मी काय करू?

दातांत पंपाची घरघर आली. तिच्या खाली, खर्र. मग थांबून पुन्हा खर्र.

मी लाल बटण दाबलं.

"मावशी! कुणाला विचारून?"

"दादाला."

पंप उघडला. बेअरिंगच्या आतली, गोळ्या धरून ठेवणारी जाळी फुटून तिचे तुकडे झाले होते. एक पोलादी गोळी घरंगळत साहेबांच्या बुटापाशी गेली. त्यांनी ती उचलली आणि तळहातावर फिरवून बघितली.

"रिपोर्ट वर गेलाय, मावशी," ते हळू म्हणाले. ओठांवरून मला कळलं. "आता माझ्या हातात नाही."

"नसू दे."

मी फाटकावर गेले, ती खुर्ची उचलली आणि तीन नंबरच्या शेजारी आणून ठेवली.

"नावं लिहीन, पण इथं बसून. हलवायची असेल तर माझ्यासकट हलवा."

साहेबांनी खुर्ची हलवली नाही.

संध्याकाळी घरी येऊन ती कॅसेट लावली. दादाला जाऊन अकरा वर्षं झाली. आवाज पूर्ण वाढवला, तरी कानांत नुसती फरफर. शेजारीण दार ठोठावत असावी, दार हलताना दिसत होतं. ठोठावू दे. मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक स्पीकरला लावलं आणि मूठ दातांत घट्ट धरली.

आला. तसाच, जराही न घाबरलेला.